सपाट

ती आली तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
देझेर्तिर बाजारातले भाजीवाले उठून गेलेले,
रस्त्यावर कोबीची बाहेरची पानं.
"पाच मिनिटं," म्हणाली, आणि दोन तास बसली.

मझिया. खांद्याला कापडी पिशवी,
पिशवीत हार्ड डिस्क, लोकरी मोज्यात गुंडाळलेली.
"मला सपाट स्पीकर हवेत."
सगळे हेच म्हणतात.
मग मी आठ इंची जोडी लावतो,
खर्ज बरगड्यांत शिरतो,
आणि सपाट मागायला आलेला माणूस
डोळे मिटून पाकीट उघडतो.

तिने डोळे मिटले नाहीत.
गुरियातल्या तीन म्हाताऱ्यांचं गाणं लावलं,
सहा वर्षांपूर्वी दारूच्या तळघरात तिनेच टिपलेलं.
वरचा आवाज कोंबड्यासारखा कुंपणावरून उडणारा,
मधला वाट दाखवणारा,
आणि तळाशी वारलाम,
पायाखाली जमीन आहे एवढंच सांगणारा.

आठ इंचीवर वारलाम एकदम तिशीचा झाला.
"हा कोण?" ती म्हणाली. "याचे तर सगळे दात शाबूत आहेत."

मग मी महागडी काढली, अक्रोडी लाकडाची.
तीवर तिघे इतके गोड वाजले
की जन्मात कधी भांडलेच नसावेत.
"गोड बोलून केसाने गळा कापणारी जात," म्हणाली.
"हिच्यावर जुळवलेलं गाणं
माझ्या बहिणीच्या गाडीत नुसता चिखल होतं."

राहिली एक जोडी, गोदामातली. पाच इंची.
एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
कुणीतरी परत केलेली, चिठ्ठीवर कारण: मजा येत नाही.

तिने मफलर सोडला आणि मापं घेतली,
या स्पीकरपासून त्या स्पीकरपर्यंत,
तेवढंच अंतर प्रत्येकापासून तिच्या नाकापर्यंत.
खोक्यावर बसली, कान ट्वीटरच्या रेषेत आणले.
मी बटण दाबलं.

तळघरात कुठेतरी थेंब पडत होता.
वारलामने गिळलेला आवंढा.
बाकाचं कुरकुरणं.
आणि चौथ्या ओळीत, एका अक्षराच्या मधोमध,
टिच्.

आम्ही दोघांनी ऐकलं.
तिचे कान लाल झाले.
"तिथे तो चुकला होता," बऱ्याच वेळाने म्हणाली.
"दुसऱ्या टेकमधला शब्द कापून जोडला मी.
अल्बम निघाला, बक्षीस मिळालं, कुणाला कळलं नाही.
त्यालाही नाही.
किंवा कळलं असेल."

मी काय बोलणार? बिल केलं.
टवक्याचे चाळीस लारी कमी.

ग्लदानीत तिच्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
मी टाकलं. दहावा मजला.
एक खोली, टेबल, पलंग, कपाट.
स्पीकर कोपऱ्यात ठेवले, तर
वारलाम पुन्हा तिशीचा.
भिंतींना कान असतात म्हणे,
इथल्या भिंतींना तोंडही होतं.

मग ओढाओढ. टेबल भिंतीपासून तीन हात पुढे,
मागे रजई टांगली, कपाट दाराशी,
शेवटी पलंगच जिन्यात नेऊन उभा केला.
शेजारीण गाऊनमध्ये येऊन बघून गेली.
"झोपणार कुठे?" मी विचारलं.
"खाली. खर्जापाशी."

आता निघावं म्हणून मी बूट चढवत होतो.
गाणं नव्हतं, पण स्पीकर जागे होते,
ती बारीक सरसर, आत अ‍ॅम्प्लिफायर असल्याची.
तिने मोज्यातून डिस्क काढली,
खूप आतल्या फोल्डरमध्ये गेली,
आणि न कापलेला टेक लावला.

चौथी ओळ.
वारलामचा शब्द घसरला, साफ घसरला.
बाकीचे दोघे अर्धा श्वास थांबले,
आणि वरचा, तो कोंबडा,
हसला.
जेमतेम ऐकू येईल इतकाच.
मग तिघे एकदमच पुढे निघाले.

मझियाने ते मागे नेलं. पुन्हा लावलं.
पुन्हा.
मी निरोप घेतला तो तिला ऐकू गेला नसावा.

लिफ्टपाशी सवयीने खिसा चाचपला.
खाली जायला नाणं लागत नाही.